यंदाचा शेवटचा विंटर

भाड्याने घ्यायचं बेसमेंट बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मी नोकरी कुठे करते हे विचारलं नाही, स्वयंपाकात कांदा-लसूण चालतो का हेही विचारलं नाही. दार उघडून मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "थंडी वाजते का तुला?"

मला पुण्याहून टोरोंटोत येऊन जेमतेम महिना झाला होता. टोरोंटोजवळच्या व्हिटबीतली नोव्हेंबरची संध्याकाळ होती, तळ्याकडून वारा येत होता आणि माझे दात एकमेकांवर आपटत होते. तरी जागा हातची जाऊ नये म्हणून मी म्हणाले, "नाही, फारशी नाही."

"मग काही उपयोग नाही. मला थंडी वाजणारं माणूस पाहिजे. या घरात मला एकट्यालाच वाजून राहिली."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, तिचे ओठ निळे पडलेत. आत तरी घ्या तिला."

काकांनी वाकून माझे ओठ पाहिले, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "पास."

अशी मी त्या घराच्या बेसमेंटमध्ये राहायला गेले. वर्षभरात स्वतःची जागा बघायची असं ठरवलं होतं, ते पुढे किती वर्षं नुसतंच ठरत राहिलं.

काका मूळचे नागपूरचे. आपला जन्म मे महिन्यातल्या भर दुपारचा आहे, हे ते एखादी पदवी सांगावी तसं सांगायचे. "पंचेचाळीस डिग्रीत पहिला श्वास घेतला मी. या देशात आल्यापासून श्वास घेऊनच नाही राहिलो, नुसती वाफ सोडून राहिलो." गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांचा जन्म गेला. कारखाना सुटला तरी इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. काकूंची पोळी असो, मी वाळत घातलेले कपडे असोत की समोरच्यांचे ख्रिसमसचे दिवे असोत, काका मान एका बाजूला कलती करून बघायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच. पास, नाहीतर रिजेक्ट. 'ठीक आहे' हा शब्द त्यांच्या शब्दकोशातच नव्हता. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी 'पुणेकर', आणि तेही अशा सुरात की ते पास आहे की रिजेक्ट हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दरवर्षी गाडीला बर्फात पकड घेणारे विंटर टायर लावायचा दिवस आला की ते जाहीर करायचे, "यंदाचा शेवटचा विंटर. आता हे टायर काढायचे ते विकायलाच." काकू त्या वेळी सहसा भाजी निवडत असायच्या. त्या मान वर करत नसत. व्हँकुव्हरला राहणारी मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, जस्ट पिक अ कंट्री अँड गो!" पण देश निवडणं म्हणजे काय भेंडी निवडणं आहे?

शनिवारी सकाळी मी वर चहाला जायचे, तेव्हा टेबलावर लॅपटॉप उघडा असायचा आणि जगाची तपासणी चाललेली असायची. अट साधी होती. देश गरम हवा आणि पेन्शनीत ऐसपैस राहता येईल इतका स्वस्त हवा.

"पनामा?" मी विचारायचे.

"रिजेक्ट. दमट. पापड वाळायचे नाहीत."

"थायलंड?"

"देश चांगला आहे, पण लिपी वाचता येत नाही. म्हातारपणी औषधाच्या बाटलीवर काय लिहिलं हे कळायला नको?"

"मेक्सिको?"

"मिरची आपल्यासारखी, ऊन आपल्यासारखं, रस्त्यावरची कुत्री आपल्यासारखी. मग विमानं बदलत इतक्या लांब काहून जायचं?"

गोवा रिजेक्ट झालं होतं, कारण दर आठवड्याला एक नातेवाईक टपकला असता. एकदा मी सहज बोलून गेले, "मग नागपूरच का नाही, काका? ऊन आहे, स्वस्त आहे, तुमचं घर आहे."

काकांनी लॅपटॉप मिटला. 

"तिथं गेलो की माझा भाऊ कपाटातून नवी चादर काढतो," ते म्हणाले. "लहानपणी आम्ही दोघं एका गोधडीत झोपायचो, लाथा मारत. आता तो नवी चादर काढतो. ज्या घरात तुझ्यासाठी नवी चादर काढतात ना पुणेकर, ते घर तुझं नाही राहिलं."

पुन्हा मी नागपूरचं नाव काढलं नाही.

जानेवारीतल्या रविवारी गॅरेजमध्ये 'बीच' भरायचा. निवृत्तीची रंगीत तालीम, असं काका म्हणायचे. गाडी बाहेर काढायची, दोन हीटर लावायचे, बागेतल्या घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि फोनवर लाटांचा आवाज लावायचा. स्वेटर घातलेल्याला प्रवेश नाही. काका फुलाफुलांचा शर्ट आणि गॉगल घालून कोकम सरबत वाटायचे. बाहेर उणे वीस, आणि आत आम्ही घामाघूम.

या बीचवर एक नेमाचा पाहुणा होता, शेजारचा गोरा म्हातारा. बायको वारलेली, एकटाच राहायचा. काकांनी त्याचं नाव 'पाटील' ठेवलं होतं, कारण गल्लीत कुणी कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला की तो जाऊन दम द्यायचा. स्वतःला पाटील का म्हणतात हे त्याने कधी विचारलं नाही. सकाळी काका "राम राम पाटील!" म्हणून ओरडले की तोही तिकडून "रॅम रॅम!" म्हणायचा. मुळ्यासारखे पांढरेफटक पाय पसरून तो आमच्या बीचवर बसायचा आणि कोकम सरबत पिताना दर वेळी तोंड वाकडं करायचा. पण ग्लास संपवायचा.

काकू एका कोपऱ्यात विणत बसायच्या. त्यांना स्वेटरची सूट होती. त्यांचं माहेर रेवदंड्याचं, घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा. एकदा लाटांचा तो आवाज ऐकता ऐकता मला हळूच म्हणाल्या, "समुद्राला वास असतो गं. हे नुसतं नळ वाहिल्यासारखं वाटतं."

काकांना थंडीचा तिटकारा होता हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण बर्फ पडला की खरे काका दिसायचे. पहाटे खिडकीचा पडदा सारून ते बाहेर बघायचे आणि वरूनच मला ओरडून सांगायचे, "पुणेकर, आज रवा पडला आहे, झाडूने निघेल!" किंवा "आज ओला मैदा! कमरेचा पट्टा बांध!" मग बूट, टोपी, हातमोजे चढवून घरासमोरच्या ड्राइव्हवेवर. बर्फाची कड अशी सरळ कापायचे की जणू सुरीने बर्फी पाडली आहे. पाटलाशी त्यांची वर्षानुवर्षांची चढाओढ होती. जो आधी उठेल त्याने दुसऱ्याचाही ड्राइव्हवे फावड्याने शोव्हल करून टाकायचा आणि दुसऱ्याला लाजवायचं. हरलेला दिवसभर धुसफुसायचा. त्या वेळी काकांचे गाल लाल झालेले असायचे, नाकातून पाणी वाहत असायचं, तोंडाने देशाला शिव्या चाललेल्या असायच्या आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटायचं, हा माणूस स्वस्त आणि गरम देशात जाऊन करणार तरी काय?

मग एका शरद ऋतूत देश सापडला. पोर्तुगाल. दक्षिण किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं लहानसं गाव. ऊन भरपूर, पापड वाळतील, लिपी वाचता येते, नातेवाईक नाहीत. पास! आधी एक विंटर राहून बघायचं, मग घर विकायचं, असं ठरलं. काका फोनवर धडे ऐकून पोर्तुगीज शिकायला लागले. काकूंना मी विचारलं, "काकू, तुम्हाला आवडेल तिथे?" त्या म्हणाल्या, "मला कुठे कोण विचारतंय? बॅग भरायला सांगितली की भरायची." रागाने नव्हे हो, अगदी साध्या सुरात.

काकांनी निरोपाची पार्टी केली, बर्फाची फावडी आणि स्नोब्लोअर विकून टाकला. आणि व्हिसा लांबला. नोव्हेंबरातच बर्फ कोसळला. पडदा सारून बघते तर काका ड्राइव्हवेवर उकिडवे बसून कणीक मळायच्या परातीने बर्फ काढतायत! पलीकडे पाटील कुंपणाला धरून हसत होता. हसून झाल्यावर त्याने आपलं जुनं फावडं आणून काकांच्या हातात दिलं. काकांनी ते वाकवून, ठोकून बघितलं, "रिजेक्ट," म्हणाले आणि महिनाभर वापरलं.

डिसेंबरात दोघं गेली. मला वाटलं, आता फुलांच्या शर्टातले फोटो येतील. आले ते फोन. रोज सकाळी, माझी ऑफिसची ट्रेन पकडायच्या वेळेला.

"पुणेकर, किती आहे आज?"

"उणे सतरा, काका."

"वारा?"

"आहे ना."

"अरेरे," काका म्हणायचे, आणि त्या अरेरेत चक्क हेवा असायचा. "जरा कॅमेरा बाहेर धर. खाली, खाली. ती कड नीट नाही कापली तू. पाटील उठला का?"

तिकडे काकूंची वेगळीच कथा चालली होती. पहिल्याच आठवड्यात त्या एकट्या बाजारात गेल्या आणि भाजीवालीकडे बोट दाखवून सवयीने मराठीतच म्हणाल्या, "बटाटा." तिने बटाटे दिले. मग काकूंनी "अननस" म्हणून बघितलं. तेही मिळालं. साबण, चावी, बादली, परात, एकेक शब्द टाकून बघत गेल्या आणि जरा वेडेवाकडे होऊन सगळे त्यांना ओळखीचे परत मिळाले. मला फोनवर सांगताना लहान मुलीसारख्या हसत होत्या. "अगं, ही माणसं मराठीच बोलतात, मधली क्रियापदं तेवढी विसरलीत!" काका अचूक व्याकरणातली पोर्तुगीज वाक्यं बोलायचे ती कुणाला कळत नव्हती, आणि काकू बटाटा-अननसाच्या भांडवलावर अर्ध्या गावाशी गप्पा मारत होत्या. धक्क्यावरच्या एका कोळणीशी त्यांची मैत्री झाली. ती यांना तारल्या निवडून द्यायची, यांनी तिला तिखट-मीठ-कोकम लावून तळून दाखवल्या. नागपूरला सासरी आणि मग कॅनडात चाळीस वर्षं बर्फातला मासा खाल्लेली बाई ती. तिचे थंडीत आखडणारे गुडघेही तिथे सुटे झाले होते.

आणि काकांना तिथे नाव ठेवायला काहीच सापडेना. ऊन रोज पास. समुद्र पास. भाजी पास. सकाळी उठायचं कशासाठी?

जानेवारी संपायच्या आत ते एकटेच परत आले. घर तापवणाऱ्या फर्नेसचा आवाज बिघडला असणार, असं म्हणाले. फर्नेस मी रोज ऐकत होते, उत्तम चालत होता.

"काकू?" मी विचारलं.

"तिला विचारलं, तुझंही तिकीट बदलू का? तर म्हणते, बटाटे आणून ठेवलेत." काका बूट घालत होते. "बटाटे! चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बाई नाही म्हणाली, ती बटाट्यांवरून."

काकू एप्रिलमध्ये परतल्या, रंग सावळा होऊन, केस मोकळे सोडून. उन्हाळाभर घरात एक अवघड शांतता होती. भांडण म्हणावं तर कुणी आवाज चढवत नव्हतं. दिवाळी झाली आणि काकूंनी स्वतः बॅग भरली. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "येताय?"

"यंदा पाटलाची तब्येत बरी नाही," काका म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि टॅक्सीत बसल्या.

मी तेव्हा तिथेच उभी होते. स्वतःहून कुठे निघायची त्यांची ती पहिलीच वेळ.

तो विंटर काकांचा फार वाईट गेला. ते बेसमेंटच्या जिन्यावरून हाक मारायचे, "पुणेकर, वरणात हिंग आधी की हळद आधी?" मी वर जाऊन करून द्यायचे, तर माझ्या वरणाला रिजेक्टही म्हणत नव्हते. गुपचूप जेवायचे. गॅरेजमधला बीच त्या वर्षी भरला नाही.

एका संध्याकाळी काकूंचा फोन मला आला. काका तेव्हा ग्रोसरीला गेले होते. "जेवतात ना गं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जेवतात, पण तुम्ही या ना परत.  मागे गलबला ऐकू येत होता, बंदरावरचा असावा.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "नागपूरला गेले, कारण लग्न झालं. कॅनडाला आले, कारण हे म्हणाले. इथेही हे म्हणाले म्हणूनच आले. पण इथे राहावंसं मला वाटलं. कुणी न सांगता वाटलं. या वयात असं काही वाटेल असं मला वाटलं नव्हतं गं. मी त्यांच्यावर रुसलेली नाही. त्यांना म्हणावं, दोन खुर्च्या आहेत गच्चीत."

मी निरोप सांगितला. काका ऐकून घेऊन नुसते "हं" म्हणाले आणि बर्फ बघायला खिडकीशी गेले.

त्याच महिन्यात पाटलाचा मुलगा आला आणि पाटलाला तासाभरावरच्या वॉनला आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात घेऊन गेला. जाताना पाटील गाडीत बसला, काच खाली केली आणि मोठ्याने "रॅम रॅम!" म्हणाला. काकांनी हात वर केला.  दुसऱ्या दिवशी त्याच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली.

पण काका पाटलाचा ड्राइव्हवे शोव्हल करतच राहिले. आपला करायच्या आधी. कड सरळ कापून, पायऱ्यांवर मीठ टाकून. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, तिथे आता कुणी राहत नाही."

"म्हणून तर," ते म्हणाले. "बर्फ तसाच राहिला तर लोकांना कळेल ना, कुणी राहत नाही ते."

मग फावडं टेकून उभे राहिले. त्यांच्या भुवयांवर बर्फ होता. आधी त्या रिकाम्या घराकडे बघितलं, मग आपल्या घराकडे. आपल्याही घरात वर एकच दिवा लागलेला होता, स्वयंपाकघरातला, आणि तोही त्यांनी स्वतःच लावून ठेवलेला. मी थंडीने कुडकुडत बाजूला उभी होते, पण आत चला म्हणायचा धीर झाला नाही.

"पुणेकर," ते म्हणाले, "मी घर राखून राहिलो, की नुसतीच भिंत राखून राहिलो?"

माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी फावडं उचललं आणि ते आपल्या ड्राइव्हवेकडे वळले.

त्याच आठवड्यात त्यांनी मुलीला फोन करून घर विकायला काढायला सांगितलं. मी टोरोंटोत एक काँडो, म्हणजे आपल्याकडचा फ्लॅट, विकत घेतला. हलवाहलव करताना मला म्हणाले, "तुझा काँडो बघितला. खिडक्यांच्या फटी रिजेक्ट. पण मुलगी एकटीने घर घेते म्हणजे..." 

आता ती दोघं तिथेच असतात. कधी कधी फोटो येतो. कोळणीच्या नातवाच्या बारशासारखा काही समारंभ होता, त्यात काकू पुढे, काका मागे, उन्हाने डोळे बारीक केलेले. काका तिथे सुखी आहेत का? मी विचारत नाही. फोनवर ते अजूनही काहीतरी कुरकुरतात आणि मागून काकू हसतात, ते मला ऐकू येतं. पाटील मागच्या उन्हाळ्यात गेला. ती बातमी सांगायला मीच फोन केला होता. काकांनी फोन काकूंकडे दिला आणि समुद्रावर निघून गेले.

पण त्यांची आठवण आली की मला विमानतळावरची ती सकाळ आठवते. मार्च सुरू झाला होता, तरी रात्रीतून बर्फ पडून गेला होता. मीच त्यांना सोडायला गेले. घराची किल्ली काकांनी दलालाच्या हाती दिली, पण मागे वळून बघितलं नाही.  हायवेच्या कडेला बर्फ ढकलणारे ट्रक चालले होते, त्यांच्याकडे मात्र मान वळवून वळवून बघत होते.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. कुठलीशी आपल्याकडचीच वाटली, पण बोलली इंग्रजीत. तिने पासपोर्ट पाहिला, कॅनडाचा. तिकीट पाहिलं, एकाच बाजूचं. बॅगा पट्ट्यावर चढवता चढवता सहज, रोज शंभर जणांना विचारत असेल तशी, तिने हसून विचारलं, "गोइंग होम, सर?"

काकांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं.  त्या दिवशी काउंटरच्या कडेवर त्यांचा अंगठा पुढेमागे फिरत राहिला. मागची रांग खोळंबली. मुलीला वाटलं, ऐकू आलं नसेल. तिने पुन्हा विचारलं.

"माय वाइफ इज देअर," काका म्हणाले.

तिने बोर्डिंग पास पुढे केला. काकांनी तो घेतला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि आतल्या दाराकडे चालू लागले.